पप्पाला पाय हायेत का

जेलात भेटीला आत गेलं का आधी मनगटावर शिक्का मारतात. निळा, गोल, ग्रामपंचायतीत दाखल्यावर मारतात तसा. आत जाताना मारतात आन् बाहेर येताना बघतात. ज्याच्या हातावर शिक्का हाय तो बाहेरचा, ज्याच्या हातावर नाय तो आतला. पहिल्या खेपेला लाइनीतल्या एका बाईनं मला हे सांगितलं आन् तव्हापासून माह्या डोक्यात एकच भीती बसली, का शिक्का पुसला तर मी काय करायचं. मी त्या हातानं काही करायची नाय. घाम आला तरी पदराला लावायची नाय, पोरीला दुसऱ्या कडेवर घ्यायची, तिची लाळ दुसऱ्या हातानं पुसायची. घरी सिन्नरला आल्यावर बी दुसऱ्या दिवसापोतर तो शिक्का घासून काढायला जीव व्हायचा नाय. काय सांगता येतं, कुनी मागारी बोलावलं तर?

मी शिकले सातवीपोतर. आठवीची पुस्तकं आनली व्हती पन ती तशीच नवी राह्यली, लगीन झालं. आमचे हे पिकप चालवायचे. सिन्नरच्या एमायडीशीतनं माल उचलायचा आन् सांगितलं तिथं नेऊन टाकायचा, एवढंच काम. एका खेपेला भरलेला माल चोरीचा निघाला, तांब्याची तार व्हती, आन् ती काढताना त्या कंपनीच्या वॉचमनला कुनी मारून जखमी केलेलं व्हतं. ज्यानं माल भरायला सांगितला तो पळून गेला तो अजून सापडला नाय. गाडी ह्यांची, गाडीवर हे, म्हनून हे सापडले. हे म्हनतात मला म्हाईत नव्हतं. मी बी तेच म्हनते. जामीन दोनदा मागितला, दोनदा नाय म्हनले, का तर मेन मानूस फरार हाय. तव्हा आमची पोरगी दहा महिन्यांची व्हती, भिताडाला धरून उभी राहायची. आता ती तीन वर्षांची झाली. म्हंजे तिनं बापाला जेवढं बघितलं ते काचंतनंच.

ती काच कशी हाय ते सांगते. एक लांब खोली, मधी भिंत, भिंतीला खिडक्या, खिडकीला जाड काच. काचंच्या ह्या बाजूला आपन, त्या बाजूला ते. बोलायला फोन, जुन्या टायमाचा असतो तसा, वायरचा. त्यांच्या बाजूला एक लोखंडी स्टूल. ते येऊन बसले का छातीपासून वरचं दिसतं, खाली भिंत. पोरीला मी काचंपुढच्या कट्ट्यावर बसवायची आन् फोन तिच्या कानाला लावायची. ती फोनला पप्पा म्हनायची. खरंच, काचंकडं बघायचीच नाय, फोनच्या भोकांत बघायची आन् त्याचाच पापा घ्यायची. पुढं पुढं तिला कळलं का आवाज त्या मानसाचा हाय. मग ती काचंला हात लावून बघायला लागली. आन् एक दिवस घरी जाताना यष्टीत, खिडकीशी बसली व्हती, चांगली शांत, एकदम मला म्हनली,

"मम्मे, पप्पाला पाय हायेत का?"

शेजारची बाई हसली. मी पन हसले. मग सिन्नर येईपोतर मला हसू आलं नाय.

भेटीच्या लाइनीत माझी एक ओळख झाली व्हती. नांदगावची मावशी. तिचा मुलगा आत, त्याला शिक्षा लागलेली, ती दर मंगळवारी पहाटंच निघून यायची आन् तरी माह्या आधी नंबर लावायची. लाइनीत सगळे तोंड पाडून उभे असायचे, हीच तेवढी बोलायची. तिला मी पोरीचं सांगितलं, का ही असं असं इचारती. तर मावशी म्हनली, "माही नात बी असंच काहीबाही इचारायची. गळाभेट झाली, मग गप झाली."

"कसली भेट?"

"गळाभेट गं. वर्षातनं एखाद-दोन बारी असती. आत मंडप टाकतात, सतरंजी हातरतात, आन् पोरांना बापाकडं सोडतात. काच नाय, फोन नाय. माही नात बापाच्या मांडीवर बसली आन् झोपूनच गेली बघ. एवढ्या कलकलाटात. कुनी उठवीना तिला."

मी म्हनले, "मग आमच्या हिला कव्हा सोडतील?"

मावशीनं माह्याकडं असं बघितलं का मला तव्हाच समजलं. "तुझा कच्चा हाय ना अजून, निकाल लागायचाय. पक्क्यालाच असती ती, शिक्षा लागलेल्याला."

"म्हंजे ज्यानं केलं त्याला पोरगी मांडीवर, आन् ज्यानं नाय केलं त्याला काच?"

"केलं का नाय केलं ते ठरायचंय ना बाई अजून. म्हनून तर काच."

हे मी जाऊन ह्यांना सांगितलं. सहज सांगितलं, बोलायला काही नव्हतं म्हनून. शेळी व्याली, आत्याचा गुडघा दुखतो, आन् मावशीची नात बापाच्या मांडीवर झोपली. आत्या म्हंजे माही सासू. माह्याच तोंडातनं गेलं ते, दुसरं कुनी नाय सांगितलं.

त्याच्यानंतर दोन-तीन भेटी हे गप गप असायचे. मला वाटलं तब्येत नसंल बरी. आन् मग तो मंगळवार आला.

त्या दिवशी आम्ही गेटवर पोचलो तर वळखूच येईना. बाहेरच्या दगडांना चुना आन् गेरू, झाडांना खाली पांढरे पट्टे, आम्ही बसायचो तिथं नव्या खुर्च्या, प्यायच्या पान्याचा जार, त्याच्यावर साखळी लावलेला पेला. शिपायांचे कपडे कडक इस्त्रीचे. मावशी म्हनली, "आज कुनाचं लगीन काढलंय इथं?"

गेटवरची शिपाईन म्हनली, "मावशी, जपून बोला. दिल्लीहून समिती येणार आहे. खासदार आहेत सगळे. जेल बघायला येतायत."

"बघून जानार का पसंत बी करनार?" मावशी म्हनली. शिपाईनीला हसू आलं पन तिनं ते गिळलं. "आज भेट दहाच मिनिटं," ती म्हनली. "आणि कोणी काही विचारलं तर नीट उत्तर द्यायचं. सोय चांगली आहे म्हणायचं. आहेच ना चांगली?"

आम्ही सगळ्यांनी हाय म्हनलं.

माह्या पिशवीत त्या दिवशी एक फॉर्म व्हता. पोरीला बालवर्गात घालायचं व्हतं. शाळेच्या हापिसात म्हनले वडिलांची सही पाहिजे. मी म्हनले मी करते, मला येते सही. तर म्हनले पालक म्हंजे वडील, आईची चालायची नाय, वडील असताना. आता ते कुठं हायेत ते मला चारचौघांत सांगता येईना. एक फॉर्म मी आधीच जेलच्या हापिसात दिला व्हता, त्याला दोन महिने झाले व्हते, तो कुठं गेला कुनाला सांगता येत नव्हतं. म्हनून दुसरा आनला व्हता.

शिक्का मारला, आत गेलो. हे बसलेलेच व्हते. फोन उचलला आन् मी काही बोलायच्या आत म्हनले, "ऐक. टाइम कमी हाय. पुढच्या सोमवारी तारीख हाय. ह्या बारीला कोर्टात नेनार हायेत, दर बारीसारखं जेलातल्या टीव्हीवरनं नाय. जज इचारनार, गुन्हा कबूल हाय का. मी हाय म्हननार."

मला आधी समजलंच नाय. "काय हाय म्हननार?"

"कबूल करून टाकतो. म्हंजे शिक्षा लागल. म्हंजे मी पक्का. मग गळाभेट भेटती, आत काम भेटतं, रजा बी भेटती मागाहून. हे कच्चं राहून काय भेटतंय? दोन वर्षं झाली, काही सुरूच नाय. माही पोरगी मला वळखत नाय."

"वळखती."

"फोनला वळखती."

"अहो, पन तुम्ही केलं नाय ना!"

"ते कुनाला इचारायचंय? कुनीच इचारना दोन वर्षांत. मंग जे इचारतात त्याला हो म्हनायचं आन् मोकळं व्हायचं."

"आन् किती वर्षांची लागल?"

ह्यांनी खांदे उडवले. म्हनले, "लागल ती लागल. पन वर्षातनं एकदा मांडीवर बसल ना." आन् पोरीकडं बघून हसले. पोरगी काचंला जीभ लावत व्हती. मी म्हनले, अहो ऐका, असलं काही बोलू नका, मी मावशीच्या नातीचं उगाच सांगितलं... आन् फोन बंद. मधूनच. तिकडं ते तोंड हलवतायत, मला काही ऐकू येईना, मागून शिपाई आला आन् सगळ्यांना उठवलं. समितीची गाडी आली व्हती.

मी रडत रडत निघाले. रडताना मानसाला ध्यान राहतं का, ह्या हातानं पुसावं का त्या हातानं? कडेवर पोरगी, एका हातात पिशवी. मी तोंड पुसलं ते शिक्क्याच्याच हातानं, घसघसून.

आतल्या गेटवर दुसरी शिपाईन उभी व्हती. "हात दाखव."

मी दाखवला. हातावर निळा फराटा नुसता.

"शिक्का कुठंय?"

मी हात उलटापालटा केला. तिनं माह्या तोंडाकडं बघितलं आन् कपाळाला हात लावला. "अगं, गालावर घेतलास की सगळा! आजच पुसायचा होता का तुला?"

"मॅडम, मी बाहेरची हाय. आताच आले. शप्पथ."

"मला कळतंय तू बाहेरची आहेस. पण नियम आहे. रजिस्टर आणेपर्यंत बस तिथं."

मावशी माह्या पुढं व्हती, ती बाहेर पडली, गज लागला, आन् मी आत. बाकड्यावर बसले, पोरीला घट्ट धरलं. मला खरंच वाटलं का आता मला सोडत नाय. आता हसू येतं, पन तव्हा मी मनात सगळं ठरवून टाकलं, का शेळीला पानी आत्या दावतील, पन त्यांना गुडघ्यानं बसता येत नाय तर धार कशी काढतील, आन् पोरगी माह्यासंगं आत राहील का तिला बाहेर देतील, आन् बाहेर दिली तर मी बी काचंतनं छातीपोतरच दिसनार.

तेवढ्यात ती समिती आली. पाच-सहा जनं व्हते. एक उंच मानूस, पायात चकचकीत बूट. एक बारीक मानूस, त्याच्या हातात फाइल. आन् एक बाई, सुती साडी, चष्मा, केस पिकलेले. संगं जेलचे मोठे साहेब चालत व्हते, ते सगळं सांगत व्हते. आम्हाला बघून साहेब म्हनले, "हे भेटीला आलेले नातेवाईक. बसण्याची सोय इथं केलेली आहे."

मी उभी राह्यले. बाई थांबल्या. "तुमच्या गालाला काय लागलंय?"

"शिक्का," मी म्हनले.

त्यांना काही कळलं नाय. "भेट झाली का?"

"झाली."

"काही अडचण?"

"नाय. सोय चांगली हाय."

मी असं पाठ केल्यावानी म्हनले, साहेबांनी मान हालवली, आन् ते सगळे निघाले बी असते. पन पोरगी माह्या हातातनं खाली सरकली, त्या उंच मानसापुढं जाऊन बसली, त्याच्या बुटाला बोट लावलं आन् मोठ्यानं म्हनली, "मम्मे, ह्यांना पाय हायेत!"

सगळे हसले. बाईंनी वाकून तिला इचारलं, "मग? सगळ्यांनाच असतात की."

"पप्पाला नाय."

बाईंनी माह्याकडं बघितलं. काय झालंय पायाला, म्हनल्या. आन् मग मला काय झालं म्हाईत नाय, मी जी बोलायला लागले ती थांबलेच नाय, का पायाला काही नाय झालं, काचंतनं दिसत नायत ना पाय, छातीपोतरच दिसतं, ती दहा महिन्यांची व्हती तव्हापासून असंच बघती, आन् गळाभेट पक्क्यांनाच हाय, आम्ही कच्चे, आन् मीच मूर्ख, मीच त्यांना सांगितलं गळाभेटीचं, तर आता ते म्हनतात मी कबूल करून टाकतो, सोमवारी, न केलेलं कबूल करतो म्हनतात, पोरीला मांडीवर घ्यायला, आन् फोन कटला मधीच, मला बोलूनच दिलं नाय, आन् आता शिक्का पुसला तर मला बी सोडना झालेत. एवढं सगळं एका दमात. श्वास घ्यायला थांबले तव्हा बघितलं तर कुनी हसत नव्हतं. साहेब जमिनीकडं बघत व्हते.

उंच मानसानं हिंदीत इचारलं, कच्च्या कैद्याच्या मुलांना ही भेट का नाही. साहेब म्हनले, सर, योजना शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी आहे, आमच्या हातात नाही, वरून आदेश आला तर आम्ही करू. ते काही वाईट बोलले नाय, खरंच सांगत व्हते. बारीक मानूस लिहीत व्हता. मला वाटलं आता बोललेच हाय तर फॉर्म बी दाखवावा. पिशवीतनं काढला. म्हनले, ह्याच्यावर त्यांची सही पाहिजे, दोन महिने झाले, शाळावाले आईची घेत नाय.

उंच मानूस म्हनला हे सिव्हिल मॅटर आहे, जेलचं नाही. तर बाई म्हनल्या, "मग काय झालं? कायदे पण आपल्याच समितीकडे आहेत आणि जेलही. दिवसभर दिल्लीत आपण पालक कोण, आई का बाप, ह्याच्यावर बोलतो. ही बघा ती आई."

मग त्यांनी फॉर्म माह्याकडनं घेऊन साहेबांच्या हातात दिला आन् माह्याशेजारी बाकड्यावर बसल्या. म्हनल्या, "हे बघा, मी जज नाही. मी कोणाला सोडू शकत नाही, उद्यापासून काच काढा असंही सांगू शकत नाही. आम्ही बघतो, विचारतो, लिहून संसदेपुढं ठेवतो. त्याला वेळ लागतो. पण सोमवारचं तुम्ही थांबवा. शिक्षा लागली तर किती वर्षांची, माहीत आहे का त्यांना?"

"नाय. लागल ती लागल म्हनतात."

"तुमचा वकील कोण?"

"सरकारनं दिलाय. मी बघितला नाय अजून."

त्यांनी एका वहीत लिहिलं. मी शेजारीच व्हते, वाचता येतं मला. लिहिलं व्हतं, मुलगी विचारते, वडिलांना पाय आहेत का. त्याच्याखाली रेघ मारली. मग उठल्या, पोरीच्या गालाला हात लावला आन् गेल्या.

रजिस्टर आलं. माझं नाव त्याच्यात व्हतं. आन् गंमत बघा, बाहेर जायला त्या शिपाईनीनं मला परत शिक्का मारला, मग तो बघितला, मग गज उघडला. म्हनली, "जा आता. आणि नाक पदराला पूस." बाहेर मावशी उन्हात उभी व्हती, तिची यष्टी सोडून. तिला सांगितलं सगळं तर म्हनली, "आन् सकाळी मला म्हनत व्हते जपून बोला."

पन घरी जाताना ध्यानात आलं. मी बोलले, आता आत ह्यांना कुनी काही करंल का? तो आठवडा मी भाकरी थापताना बी दचकायची. शनवारी जेलवाल्यांनी जास्तीची भेट दिली, का दिली म्हाईत नाय, निरोप आला या म्हनून. तव्हा तर मी मेलेच व्हते भीतीनं.

हे आले, बसले, फोन घेतला. "काय बोललीस तू?"

मी पोरीला कट्ट्यावर बसवलं.

"साहेबानं मला बोलावलं हापिसात. मला वाटलं आता काय. तर पुढं फॉर्म ठेवला, सही कर म्हनले. केली. शिक्का मारला त्याच्यावर. शाळेत जातंय का काय बेनं?"

"जानार हाय."

"आन् साहेब म्हनले, तुझ्या पोरीला वाटतं तुला पाय नायत." ह्यांनी पोरीकडं बघितलं. "खरं का?"

मी फोन पोरीच्या कानाला लावला. तिनं लगीच इचारलं. मला ह्यांचं ऐकू आलं नाय, पन दिसलं. त्यांनी फोन खाली ठेवला, इकडं तिकडं बघितलं, आन् स्टुलावर चढले. आमच्या समोर आता त्यांची पँट नुसती. मग त्यांनी एक हात भिताडाला लावला आन् उजवा पाय उचलून काचंला लावला. टाचंला भेगा, अंगठ्याचं नख काळं, बोटं काचंवर चपटी झालेली. पोरगी खुळ्यावानी बघत राह्यली. मग तिनं इकडून एकेका बोटावर बोट ठेवलं. आन् म्हनली, "दुसरा?"

हे पाय बदलायला लागले तर तिकडून आवाज आला, "ए! सर्कस आहे का ही? उतर खाली!" ते उतरले, बसले, कानापोतर लाल झाले व्हते. कितीक दिवसांनी हसले ते. मी फोन घेतला.

मी म्हनले, "सोमवारी काय म्हननार तुम्ही?"

हसू गेलं. "बघू."

"बघू नाय. तुम्ही हो म्हनलात तर मी हिला सांगनार, तुझ्या बापानं त्या वॉचमनला मारलं. तुम्हीच कबूल केलं म्हंजे ते खरंच झालं ना? मग बसवा मांडीवर. तुमची मांडी वर्षातनं एक दिवस, आन् हिला शाळेत ते ऐकायचंय रोज."

"लय बोलायला लागली तू."

"दिल्लीवाल्यांपुढं बोलले, तुमच्यापुढं नको का बोलू?"

टाइम झाला.

घरी आल्यावर निराळाच गोंधळ. पोरीनं उंबऱ्यातनंच आत्याला सांगितलं, "आजी, पप्पाला एक पाय हाय." आत्यानं हातातलं सूप टाकून दिलं. माह्या पोराचा पाय काढला, म्हनून जो हंबरडा फोडला तो वाडीभर गेला. मी सांगत व्हते आत्या, दोन हायेत, एकच दाखवता आला, टाइम नव्हता. पन कुनी ऐकना. शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसल्या, एक म्हनली आता जयपूरचा पाय भेटतो, चालता येतं चांगलं. आत्या म्हनल्या तू खोटं बोलती, मला धक्का बसू नये म्हनून. सोमवारी मी येनार, मी मोजनार.

मग सोमवारी कोर्टात आम्ही तिघी. आत्या यष्टीत बी देवाचं नाव घेत व्हत्या. कोर्टाच्या व्हरांड्यात एक तरनी पोरगी काळा कोट घालून माह्याकडं आली, म्हनली मी तुमच्या मिस्टरांची नवीन वकील, काल जेलात जाऊन भेटले त्यांना. तिला कुनी धाडलं, त्या बाईंनी का कुनी, ती सांगंना, मला बी इचारायचं सुचलं नाय. मी एवढंच इचारलं, ते काय म्हननार हायेत. ती म्हनली, "मी समजावलंय. पण बोलायचं त्यांनाच आहे."

हे आले. दोन पोलीस, एकानं ह्यांचा हात धरलेला. चालत आले. पोरीनं लांबूनच बघितलं, आख्खा मानूस, वरपासून खालपोतर. ती पळाली नाय, रडली नाय. चालत गेली, ह्यांच्यापुढं उकिडवी बसली, आन् एका पायाला हात लावला, मग दुसऱ्याला. वर बघून म्हनली, "दोन."

"दोन हायेत गं बाई," आत्या भिताडाला टेकून म्हनल्या आन् तिथंच बसल्या.

हे वाकायला गेले. पन हात पोलिसाच्या हातात. पोलीस थोडा थांबला, मग तो बी ह्यांच्यासंगं वाकला, गुडघ्यापोतर, तोंड दुसरीकडं करून. ह्यांनी मोकळ्या हातानं पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवला. एकदाच. मग नाव पुकारलं.

मी आत गेले नाय. जाववंना. पोरीला घेऊन दाराच्या बाहेर उभी राह्यले, आतलं काही ऐकू येईना, पंख्याचा आवाज नुसता. आत्या इचारत्यात काय झालं, काय झालं. किती येळ गेला काय म्हाईत, पाच मिनिटं गेली असतील. दार उघडलं, हे बाहेर आले, त्याच पोलिसासंगं. माह्या समोरनं जाताना थांबले.

"काय म्हनलात?"

"नाय म्हनलो."

"मोठ्यानं?"

"जज म्हनले एवढं वरडायची गरज नाय."

ह्याला आता पाच महिने झाले. केस सुरू झाली, वॉचमनची साक्ष व्हायची हाय. वकीलबाई म्हनतात जामीन परत मागू. कच्च्यांना गळाभेट अजून काही नाय, साहेबांना इचारलं तर म्हनतात वरती विचार चाललाय, आला आदेश का पहिलं तुम्हाला सांगतो. त्या बाईंची वही दिल्लीत कुनी वाचली का नाय ते मला म्हाईत नाय. पोरगी बालवर्गात जाती. मंगळवारी शाळा बुडवून येती माह्यासंगं, आन् काचंसमोर बसली का फोन घेतच नाय आधी, वाट बघती. त्या बाजूचा शिपाई आता वरडत बी नाय. ह्यांना म्हनतो, "दाखव बाबा, आधी पाय दाखव, मग बस." हे स्टुलावर चढतात. आधी उजवा, मग डावा. मी शिक्क्याचा हात पाठीमागं धरून उभी राहते.